शिल्लक किंमत कोणाची?

अंधेरीच्या एमआयडीसीत, पवईत, मालाडच्या माइंडस्पेसमध्ये किंवा विक्रोळी-घाटकोपरच्या नव्या ऑफिस इमारतींत नोकरी करणाऱ्या अनेकांच्या पगारपत्रकात ‘कार लीज’ अशी एक ओळ असते. गाडी लीज कंपनी विकत घेते, नोकरी देणारी कंपनी ती भाडेपट्ट्याने घेते आणि कर्मचारी ती चालवतो. भाडं त्याच्या पगारातून, कर मोजण्याआधीच, वळतं होतं. या व्यवस्थेला बळ दिलं ते आयकराच्या नियमांनी. कंपनीने दिलेली गाडी ऑफिसच्या आणि घरच्या अशा दोन्ही कामांसाठी वापरली, तर तिचं करपात्र मूल्य कित्येक वर्षं 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना 1,800 रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला 2,400 रुपये एवढंच धरलं जात होतं. त्यामुळे पगारदार माणसाला कर्ज काढून गाडी घेण्यापेक्षा लीज परवडू लागली. अलीकडे थेट ग्राहकालाही लीज मिळते. मारुती सुझुकीने 2020 मध्ये ‘सबस्क्राइब’ योजना आणली, तेव्हा सुरुवातीची भागीदार होती ओरिक्स ही लीज कंपनी. तिचं भारतातलं मुख्य कार्यालय अंधेरी पूर्वेला मरोळमध्येच आहे. थोडक्यात, हा विषय मुंबईच्या उपनगरांच्या घरचा आहे. मुदत संपली की गाडी परत द्यायची किंवा ठरलेल्या किमतीला विकत घ्यायची. प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. त्या काळात वापरणाऱ्याने गाडीत किती आणि कोणते बदल करावेत?

या प्रश्नावर दोन माणसं समोरासमोर बसवू या. एक तिशीतला, मुलुंडला राहणारा आणि अंधेरीला नोकरी करणारा. त्याला भाडेकरू म्हणू. दुसरे साठीच्या घरातले, मुदत संपलेल्या गाड्या ताब्यात घेताना त्या तपासण्याचं काम ज्यांनी केलं आहे असे. त्यांना तपासनीस म्हणू. दोघंही कल्पित आहेत, पण दोघांच्याही बाजूला खरं वजन आहे, आणि मला दोघांकडूनही काही घ्यायचं आहे.

भाडेकरू : काका, चार वर्षं दर महिन्याला भाडं मी भरणार. पेट्रोल माझं, पार्किंगची कटकट माझी. मुलुंडहून अंधेरीला जाता-येता जेव्हीएलआरच्या गर्दीत दिवसाचे दोन-तीन तास मी त्या गाडीत काढणार. लीज कंपनीतल्या कुणी ती गाडी डोळ्यांनी पाहिलेलीही नसते. मग मला चांगले स्पीकर बसवायचे असतील, अलॉय टाकायचे असतील, तर मी परवानगी कुणाची आणि का मागू? भाडं थकवलं तर जाब विचारा. भाडं वेळेवर जातंय तोवर गाडी माझीच.

तपासनीस : भाडं भरतोस, पण कशाचं भरतोस ते आधी बघ. समजा, गाडी बारा लाखांची आहे आणि चार वर्षांनी तिचे पाच लाख येतील असा कंपनीचा अंदाज आहे. मधले सात लाख ही गाडीची घसरण. ती घसरण तू अठ्ठेचाळीस हप्त्यांत फेडतोस. वर व्याज, विमा, कंपनीचा नफा. उरलेल्या पाच लाखांवर तू फक्त व्याज दिलंस, त्यातलं मुद्दल कधी दिलंच नाहीस. ते पाच लाख म्हणजे गाडीची शिल्लक किंमत, आमच्या भाषेत रेसिड्युअल. ती कंपनीची आहे. तू सात लाखांचा धनी आहेस, बारा लाखांचा नाहीस.

या हिशेबावर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे. लीजच्या वादात दोन्ही बाजू बहुतेक वेळा ‘गाडी कोणाची’ या प्रश्नावर अडून बसतात. त्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण लीजच्या गाडीत एकाच वेळी दोघांचे पैसे अडकलेले असतात. वापरणाऱ्याने गाडीची झीज विकत घेतलेली असते आणि झीज होऊन जे उरेल ते कंपनीने आपल्याकडे ठेवलेलं असतं. म्हणून बदलाची कसोटी मालकीवर न लावता या शिल्लक किमतीवर लावायला हवी. जो बदल त्या किमतीला हात लावत नाही, त्यात कंपनीने नाक खुपसू नये. जो बदल तिला हात लावतो, तो करण्याआधी कंपनीची लेखी संमती घेतलीच पाहिजे, मग तो बदल कितीही सुंदर असो. ही कसोटी ऐकायला सोपी आहे. लावताना मात्र ती दोघांनाही अडचणीत आणते.

भाडेकरू : पण काका, कायदाच मला मालक म्हणतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 2, उपकलम 30. गाडी भाडेखरेदीवर, लीजवर किंवा तारण कराराखाली असेल, तर ती ज्याच्या ताब्यात आहे तो तिचा ‘मालक’. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर 2014 मध्ये एचडीएफसी बँक विरुद्ध रेश्मा या खटल्यात हेच धरलं. अपघाताची भरपाई कर्ज देणाऱ्या बँकेने द्यायची नाही, गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याने द्यायची. जबाबदारी माझ्यावर टाकताना मी मालक, आणि स्पीकर बसवताना मी भाडेकरू, हे कसं?

मुद्दा बिनतोड वाटतो, आणि त्याचा अर्धा भाग खराही आहे. पण कायदा ‘मालक’ हा शब्द कशासाठी वापरतो, हे पाहावं लागतं. मोटार वाहन कायद्याला रस्त्यावरच्या गाडीसाठी जबाबदार धरता येईल असा माणूस हवा असतो. कागदावर नाव असलेली कंपनी मैलोन् मैल दूर असते, चावी दुसऱ्याच्या खिशात असते. अपघातग्रस्ताने भरपाई कुणाकडे मागायची, दंडाची पावती कुणाच्या नावे फाडायची, यासाठी कायद्याने ताबा असलेल्याला मालक मानलं. गाडीतली शिल्लक किंमत कुणाच्या खिशात जाते, याबद्दल हे कलम अवाक्षर काढत नाही. उलट याच कायद्याचं कलम 51 लीजची नोंद आरसीवर करायला लावतं, म्हणजे गाडीवर आणखी कुणाचा तरी हक्क आहे हे जगाला दिसत राहतं. आणि कलम 52 असं बजावतं की, भाडेखरेदीच्या गाडीत नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करता येणार नाही. तिथे भाडेखरेदीचा उल्लेख आहे, लीजचा नाही. पण लीजचे करार तीच अट स्वतःच्या कलमांत घालून घेतात, आणि तिच्यामागचं कारणही तेच.

पैशांच्या नात्याचं उत्तर मिळतं ते त्याहून शंभरेक वर्षं जुन्या कायद्यात. दुसऱ्याची वस्तू वापरायला घेऊन परत करण्याच्या व्यवहारासाठी 1872 च्या भारतीय करार कायद्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातली उदाहरणं मला फार बोलकी वाटतात. एकाने दुसऱ्याला स्वतः बसण्यासाठी घोडा भाड्याने दिला, त्याने तो गाडीला जुंपला. मालकाला वाटलं तर तिथेच व्यवहार संपला. दुसरं उदाहरण मुंबईच्या कापूसबाजाराला शोभणारं आहे. विशिष्ट खूण असलेल्या कापसाच्या शंभर गाठी एकाने दुसऱ्याकडे ठेवायला दिल्या. त्याने न विचारता त्यात आपल्या, वेगळ्या खुणेच्या, गाठी मिसळल्या. मालकाला त्याच्या शंभर गाठी परत मिळतील, आणि त्या वेगळ्या करण्याचा खर्च व त्यातून होणारं नुकसान मिसळणाऱ्याने सोसायचं. पण पिठात पीठ मिसळलं आणि ते वेगळं करता येत नसलं, तर पूर्ण भरपाई. ही कलमं लिहिली गेली तेव्हा मोटार नव्हती, तरी लीजच्या गाडीत केलेल्या बदलाचा निम्मा न्याय इथेच होऊन गेला आहे. वेगळं करता येतं का, हा पहिला प्रश्न. वेगळं करण्याचा खर्च कुणाचा, याचं उत्तर ठरलेलं.

भाडेकरू : मग तर सोपंच झालं. जे बसवीन ते परत देण्याआधी काढून टाकीन. मूळची चाकं माळ्यावर ठेवीन, मूळचे स्पीकर खोक्यात. माझ्या गाठी मी वेगळ्या केल्या की प्रश्न मिटला.

तपासनीस : काढून टाकलंस तरी मागे काय काय राहतं ते ऐक. स्पीकरसाठी दाराचं पॅड उघडलं की प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात. नंतर ते पॅड खड्ड्यात खडखडतं. अॅम्प्लिफायरला करंट हवा म्हणून मेकॅनिकने कपलर न वापरता मूळची वायर सोलून जोड मारला असेल, तर तो जोड तिथेच राहतो, आणि पावसाळ्यात ओल धरतो. चाकं मोठी आणि रुंद टाकलीस तर बेअरिंगवर आणि सस्पेन्शनच्या बुशांवर वेगळा भार येतो. चाकं परत बदललीस म्हणून ती झीज परत जात नाही. आणि टायरचा एकूण घेर वाढला असेल, तर किलोमीटरचा आकडाही खरा राहत नाही. तुझ्या करारात किलोमीटरची मर्यादा आहे, हे विसरू नकोस. इंजिनाचा रिमॅप केलास आणि मूळचा प्रोग्रॅम परत टाकलास, तरी कित्येक गाड्यांच्या संगणकात प्रोग्रॅम किती वेळा लिहिला गेला याची मोजणी राहून जाते. आणि मधल्या काळात क्लचने, टर्बोने जो जादा ताण खाल्ला, तो कुठल्या सॉफ्टवेअरने पुसशील?

इथे तपासनिसांचा अनुभव कायद्याच्या पुढे जातो, आणि माझ्या मते या वादाचा गाभा इथेच आहे. ‘काढता येतं’ आणि ‘पूर्ववत होतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईला हा फरक पटकन जाणवत नाही, याला एक इतिहास आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी या शहराने टॅक्सी म्हणून अनेक दशकं वापरली. शेवटच्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये सेवेतून गेल्या. त्या गाडीत काहीही बदलता येत असे. गॅस किट बसत असे, सीट नवी शिवून घेता येत असे, टप रंगवता येत असे, आणि कुठलाही गॅरेजवाला ती पुन्हा होती तशी करून देत असे, कारण तिच्यात जे होतं ते सगळं पाना-स्क्रूच्या आवाक्यातलं होतं. आजच्या गाडीत दाराच्या काचेपासून ब्रेकपर्यंत सगळं एकमेकांशी तारांवरून बोलत असतं. सीटच्या कडेला एअरबॅग असते. तिच्यासाठी शिवण सोडलेली नसलेलं जाड सीट कव्हर चढवलं, तर गरजेच्या क्षणी तीच एअरबॅग अडकू शकते. सीट कव्हर म्हणजे निरुपद्रवी बदल, असं वाटणारी पिढी पद्मिनीच्या सीटवर वाढली आहे. रंग बदलणारा रॅपही असाच. तो निघतो, पण खाली झाकलेला रंग आणि उघडा राहिलेला रंग यांनी ऊन वेगवेगळं खाल्लेलं असतं, आणि एखादा पत्रा आधी डेंटिंग-पेंटिंग झालेला असेल तर फिल्म निघताना वरचा लॅकर सोबत घेऊन येते. उलट, डॅशबोर्डवरचा गणपती, पायातल्या मॅट, चार्जरच्या खाचेत लावलेला डॅशकॅम, सामानाची ट्रे यांनी काहीच बिघडत नाही. म्हणून बदल करण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा : हे काढल्यावर माझ्यानंतर गाडी घेणाऱ्या माणसाला, ती त्याने पाच वर्षं वापरली तरी, कशाचाही पत्ता लागेल का? ‘नाही’ असं उत्तर असेल तर कंपनीला विचारण्याचीही गरज नाही. ‘कदाचित’ असं उत्तर असेल तर मेल पाठवावी.

भाडेकरू : आणि मी गाडीची किंमत वाढवली तर? पावसाळ्याआधी मी स्वतःच्या खर्चाने अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं. अंधेरी सबवेत पाणी भरतं, किनाऱ्याकडची हवा खारी, पत्रा सडायला वेळ लागत नाही. किंवा समजा, मी सीएनजी किट बसवलं. मुंबईत जुन्या गाडीला सीएनजी असेल तर गिऱ्हाईक लवकर मिळतं. त्या वाढलेल्या किमतीचे पैसे मला कोण देणार?

तपासनीस : कोटिंगबद्दल तुझे आभार मानायला हवेत. पण पैसे नाही मिळणार, कारण ते कुणी मागितलं नव्हतं. सीएनजीचं तर नावच काढू नकोस. किट बसवलं की आरसीवरचं इंधन बदलतं. आरटीओची मंजुरी लागते, विमा कंपनीला कळवावं लागतं, सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. गाडीची इंजिन वॉरंटी काय म्हणते, तो वेगळा विषय. डिकी निम्मी होते. एखाद्या कुटुंबाला तशी गाडी नकोच असेल. कंपनी तुझी गाडी एकटी विकत नाही, ढिगाने लिलावात घालते, आणि तिथे जशी निघाली तशी, कागद साफ असलेली गाडी सगळ्यात लवकर जाते.

सुधारणेची किंमत कुणी ठरवायची, हा प्रश्न भाडेकरूला वाटतो त्यापेक्षा कठीण आहे. त्याच्या दृष्टीने सीएनजी म्हणजे महिन्याला वाचणारे पैसे. ते पैसे त्याला मुदतीतच मिळतात, कारण झीज आणि वापर त्याचे आहेत. शिल्लक किंमत वाढली का घटली, हे बाजार चार वर्षांनी सांगणार, आणि तो धोका कंपनीने पत्करलेला आहे. ज्याने धोका घेतला त्याला विचारल्याशिवाय त्याचा धोका बदलायचा नाही, इतकं साधं हे तत्त्व आहे. पण याच तत्त्वाची दुसरी बाजू कंपन्या सहसा मान्य करत नाहीत. वापरणाऱ्याने आधी विचारलं, किंमत टिकवणारी गोष्ट स्वतःच्या खर्चाने करायची तयारी दाखवली आणि कंपनीने लेखी होकार दिला, तर परतीच्या तपासणीत त्याच गोष्टीसाठी ‘मूळ स्थितीत नाही’ म्हणून पैसे कापणं हा सरळसरळ अन्याय आहे. घराच्या भाडेपट्ट्यात हे कायद्यानेच सोडवलं आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 भाडेकरूला त्याने जोडलेल्या गोष्टी काढून न्यायची मुभा देतं, घर मिळालं त्या स्थितीत ठेवण्याच्या अटीवर. आणि घरमालकाच्या संमतीशिवाय कायमचं बांधकाम करायला मनाई करतं. एसी काढून न्यायचा, भिंतीतली भोकं बुजवायची, पण भिंत पाडायची नाही, हे उपनगरातल्या कुठल्याही भाडेकरूला माहीत असतं. गाडीसाठी इतकं स्पष्ट कलम नाही. म्हणून करारातच ते लिहून घ्यावं लागतं.

शिल्लक किमतीची कसोटी एका ठिकाणी मात्र अपुरी पडते, हे मान्य करायला हवं. काचेवरची काळी फिल्म काही मिनिटांत निघते, गाडीची किंमत पैशानेही कमी करत नाही, आणि तरी ती लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2012 मध्ये अविषेक गोएंका खटल्यात काचेवर वेगळी फिल्म चिकटवायला बंदी घातली. मोटार वाहन नियमांनी समोरच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश जाण्याचं बंधन आधीच घातलेलं होतं. बंपर गार्ड स्क्रूने बसतो आणि स्क्रूनेच निघतो, पण धडकेचा जोर शोषून घेण्यासाठी केलेली मूळची रचना तो निकामी करू शकतो आणि समोरच्या पादचाऱ्याला जास्त इजा करतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या जयचंद्र खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलामागे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. इथे दोघांच्या पैशांचा प्रश्न उरतच नाही. तिसरा पक्ष रस्त्यावरचा माणूस असतो, आणि त्याची संमती लीज कंपनी देऊ शकत नाही. इथे भाडेकरूला कायद्याने ‘मालक’ म्हटलेलं आहे, आणि दंडाची पावती त्याच्याच हातात येते.

भाडेकरू : ठीक आहे. बदलांचं तुमचं म्हणणं पटलं. पण परत देताना जी यादी हातात ठेवतात तिचं काय? बंपरवर एक ओरखडा, अमुक हजार. चाकाच्या कडेला घासल्याची खूण, अमुक हजार. आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे. गाडी लिफ्टवर चढवताना आरसा घासणार नाही, असा एक तरी माणूस मला दाखवा. एलबीएस रोडच्या खड्ड्यांनी चाकाला ठोकर बसली, तर तो बदल मी केला का? मी सात लाखांची झीज विकत घेतली, असं तुम्हीच म्हणालात. मग ही झीज त्यात नाही?

या प्रश्नावर मी पूर्णपणे भाडेकरूच्या बाजूने आहे. आधी मांडलेला हिशेब प्रामाणिक असेल, तर त्याच्यातूनच हे निष्पन्न होतं. झीज विकत घेतली, तर नेहमीच्या वापराची झीज पुन्हा वेगळी विकता येणार नाही. चार वर्षं मुंबईत चाललेल्या गाडीला बंपरवर बारीक ओरखडे नसतील, हे कुठलीही लीज कंपनी शिल्लक किंमत ठरवताना गृहीत धरत नसेल. त्या किमतीत ते ओरखडे आधीच वजा झालेले असतात. तरीही परतीच्या वेळी तेच ओरखडे दंडाच्या यादीत आले, तर एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेतल्यासारखं होतं. करार कायद्याचं कलम 74 इथे ढालीसारखं उभं राहतं. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए या निकालात सांगितलं की, मुळात नुकसान झालेलं असल्याशिवाय भरपाई मागता येत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे. नुकसानीच्या मानाने फारच अवाजवी दंड लावणारा करार त्यात बसतो, आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येतं. नोकरीच्या कंपनीमार्फत घेतलेल्या लीजमध्ये कर्मचारी करारातला थेट पक्ष नसतो, त्यामुळे वाट लांबची होते, आणि म्हणूनच त्याला अधिक सावध राहायला हवं.

तपासनीस : वाजवी म्हणजे किती, हे ठरवायला मापच नसतं, तिथे खरी अडचण आहे. ब्रिटनमध्ये लीज कंपन्यांच्या संघटनेने, बीव्हीआरएलएने, नेहमीच्या झिजेची पुस्तिका छापून ठेवली आहे. कुठला ओरखडा चालतो, कुठला नाही, हे तिथे आधीच लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते प्रत्येक कराराच्या परिशिष्टावर आणि तपासणाऱ्याच्या नजरेवर सोपवलेलं असतं. म्हणून मी माझ्या माणसांना सांगतो : गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, चाकांचे, आतल्या छताचे, डॅशबोर्डच्या आकड्यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मेलवर पाठवा. परत देण्याच्या महिनाभर आधी एकदा स्वतः तपासून घ्या. बंपरचा टचअप बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये करून घेतला, तर कंपनीच्या दरापेक्षा स्वस्त पडतो. पण विमा कंपनीच्या क्लेमचा रेकॉर्ड आणि सर्व्हिसचा इतिहास लपवू नका.

भाडेकरूंचा आणखी एक युक्तिवाद राहतो, आणि नोकरदारांत तोच सगळ्यात लोकप्रिय आहे : ‘शेवटी गाडी मीच विकत घेणार आहे, मग काय फरक पडतो?’ भारतातल्या कंपनी-लीजमध्ये मुदतीअखेर शिल्लक किमतीला गाडी विकत घेण्याची सोय बहुधा असते, त्यामुळे हा विचार अगदीच चुकीचा नाही. पण विकत घेण्याचा इरादा आणि विकत घेणं यांच्यामध्ये चार वर्षं असतात, आणि उपनगरांच्या या पट्ट्यातल्या नोकऱ्या चार वर्षं टिकतातच असं नाही. नोकरी सोडली की लीज तिथेच मोडते. मग गाडी त्या दिवसाच्या किमतीला विकत घ्यावी लागते, नव्या कंपनीच्या नावे वळवावी लागते किंवा परत द्यावी लागते, आणि नव्या कंपनीत लीजची सोय नसेल तर परत देणंच उरतं. रिमॅप केलेली, रॅप लावलेली, वायरिंगला जोड मारलेली गाडी तेव्हा त्याच्या गळ्यात पडते. गाडी नक्की विकत घ्यायची असेल, तर मुदत संपून आरसीवरची लीजची नोंद उतरेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. त्यानंतर पाच लाखही त्याचेच, आणि हवे ते कायदेशीर बदल करायला तो मोकळा.

भाडेकरू : एकच शेवटचं विचारतो, काका. माझ्या बहिणीचा डावा पाय अपघातात अधू झाला. तिलाही कंपनीची लीज मिळते. हाताने क्लच चालवायची फिटिंग लागेल. तुमच्या कसोटीने तो बदल शिल्लक किमतीला हात लावतो, कारण पेडलला जोडणी येणार, डॅशखाली भोकं पडणार. मग तिने काय, लीज घेऊच नये?

हा आक्षेप या वादातला सगळ्यात जड आहे, कारण तो मूळ हिशेबाला हात न लावता हिशेबाच्या पलीकडचा प्रश्न विचारतो. कायद्याने इथे दार उघडं ठेवलं आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कुणालाही आपल्या मालकीची गाडी अपंग व्यक्तीच्या वापरासाठी बदलून घेता येते, आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी नंतर घेता येते. सुरुवातीला भाडेकरूने कलम 2 मधला जो ‘मालक’ पुढे केला होता, तो इथे त्याच्या बहिणीच्या कामाला येतो. लीजच्या गाडीचा ताबा असलेली व्यक्तीच या कायद्याच्या भाषेत मालक आहे, त्यामुळे ही मुभा तिलाही लागू होते, असा अर्थ लावता येतो, आणि माझ्या मते तोच लावला पाहिजे. उरतो कंपनीच्या शिल्लक किमतीचा प्रश्न, आणि तो इतर कुठल्याही बदलापेक्षा सोपा आहे. फिटिंग काढायला किती खर्च येईल, हे फिटिंग बसवणारा पहिल्याच दिवशी सांगू शकतो. रिमॅपसारखी त्यात लपलेली झीज नाही. मोजता येणाऱ्या खर्चाच्या नावाखाली नकार देणं ही हिशेबाची बाब उरत नाही.

तपासनीस : नको कशाला म्हणायचं. तिला सांग, ऑर्डर देण्याआधी लीज कंपनीला लिहून कळव. कुठलं फिटिंग, कुणाकडून, बसवायचे किती, काढायचे किती. काढण्याचा आकडा करारात घालून घे. आरसीवर नोंद करून घे, तिचं घर बोरिवलीत असेल तर एमएच-47 च्या आरटीओत, अंधेरीत असेल तर एमएच-02 मध्ये. विमा कंपनीला त्याच आठवड्यात कळव. चार वर्षांनी गाडी परत येईल तेव्हा कंपनीने त्या आकड्यापलीकडे एक रुपयाही मागायचा नाही. आणि तोच आकडा चार वर्षांच्या भाड्यात वाटून घ्यायला कंपनी तयार असेल, तर तेही विचार. मी असतो तर होकार दिला असता.